सापडल्या नाहीत म्हणून

स्वातंत्र्यसैनिक कोणाला म्हणायचं याचे सरकारदरबारी नियम आहेत. केंद्राची पेन्शन योजना १९७२ साली, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा आली आणि १९८० साली तिच्या अटी थोड्या सैल झाल्या. सहा महिन्यांचा तुरुंगवास हवा, बाई असेल तर तीन महिन्यांचा. भूमिगत असाल तर फरारी म्हणून पुकारा झालेला हवा, डोक्यावर बक्षीस हवं, नाहीतर अटकेचा हुकूम निघून तो बजावता न आलेला हवा. घरदार जप्त झालं, नोकरी गेली, गोळीनं अधू झालात, तरी चालतं. दप्तरात कागदच सापडत नसेल, तर स्वतः मोठी शिक्षा भोगलेल्या एखाद्या सैनिकानं तसं लिहून द्यायचं.

या नियमांना नावं ठेवणं सोपं आहे, पण पैसा जनतेचा असतो आणि बोगस स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणं आपल्याच राज्यात गाजली आहेत. पुरावा मागायलाच हवा. फक्त मागितलेला बहुतेक पुरावा इंग्रज सरकारच्या नजरेत आल्याचा आहे. ज्यांचं सगळं कसब कुणाच्या नजरेत न येण्यात होतं, त्यांनी तो कुठून आणायचा?

आपल्या मुलखात हा प्रश्न नुसता तात्त्विक नाही. माधवनगरहून तासगावच्या रस्त्याला लागलं की बुधगाव, कवलापूर, कवठे एकंद अशी गावं लागतात आणि तासगावच्या पुढं कुंडल. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. तासगाव, वाळवा, खानापूर हा इंग्रजांचा सातारा जिल्हा, तर सांगली-माधवनगर आणि औंधकरांचं कुंडल हा संस्थानी मुलूख. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इथल्या शेकडो गावांत चाललं. न्यायदान मंडळं भांडणतंटे मिटवत होती, गांधी पद्धतीची कमी खर्चाची लग्नं लागत होती, तुफान सेना कवायत करत होती. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रोकड नेणारी गाडी लुटली गेली. २४ जुलैला वसंतदादा पाटलांनी सांगलीचा तुरुंग फोडला. या तारखा आपल्याकडं पोरांनाही पाठ असतात.

पण एवढी माणसं तीन-तीन वर्षं रात्री जेवत कुठं होती? भाकऱ्या कोण थापत होतं? गावात पोलीस आला तर दार अर्धंच उघडून ‘घरात कोणी नाही’ असं कोण सांगत होतं? हे प्रश्न विचारले की सभेत लोक आदरानं माना डोलावतात आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारतात.

नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांची हकिकत त्यामानानं नशीबवान, कारण ती लिहिली गेली. त्या तीन वर्षांच्या असताना आई गेली, आजीनं वाढवलं. सरकारनं घर आणि जमीन जप्त केली, आणि पोलिसांच्या भीतीनं गावात कोणी कामही देईना. पुढं त्या स्वतः चळवळीत उतरल्या. भवानीनगरच्या पोलीस चौकीतली हत्यारं पळवायची होती. हौसाताई आणि एक साथीदार चौकीसमोर भांडू लागले. तो घरचा पुरुष झाला, त्या नांदायला न जाणारी बाई. त्यानं त्यांना खरोखर बडवलं, वर मोठा धोंडा उचलून डोक्यात घालण्याची धमकी दिली. पोलीस सोडवायला बाहेर धावले आणि मागच्या मागं हत्यारं गेली. त्यानं फार जोरात मारलं, ही हौसाताईंची तक्रार पुढं कायम राहिली.

ही गोष्ट ऐकून आपण हसतो. मला मात्र त्या पोलिसांचं नवल वाटत नाही. नांदायला जात नाही म्हणून घरचा पुरुष बाईला भररस्त्यात मारतो, यात त्यांना संशय घेण्याजोगं काय होतं? ते गावोगावचं दृश्य होतं. सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला अन्यायच हौसाताईंनी पोलिसांवर उलटवला, आणि त्यासाठी अंगावर वळ घेतले. १९४४ साली गोव्याच्या मोहिमेत त्यांनी मध्यरात्री लाकडी पेटीच्या आधारानं मांडवी ओलांडली. २०२१ मध्ये, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. त्या क्रांतिसिंहांची लेक नसत्या, तर कोणी त्यांच्या दारापर्यंत गेलं असतं का, याची मला शंका आहे.

बंगालच्या पुरुलियातल्या भवानी महातोंना पत्रकार पी. साईनाथ भेटले, तेव्हा त्या म्हणत राहिल्या की स्वातंत्र्यलढ्याशी माझा काही संबंध नाही, ते सगळं नवऱ्याचं. नंतर कळलं, की मोठ्या कुटुंबाची शेती राबून त्या रानात लपलेल्या कार्यकर्त्यांना रांधून घालत होत्या. असं उत्तर आपल्याकडच्या कितीतरी घरांत मिळालं असतं.

इथं एक सावधगिरी बाळगावीशी वाटते. मध्यरात्री नवऱ्यानं चार माणसं आणली आणि बाई चुलीपुढं बसली, तेव्हा तिला कोणी विचारलं होतं का? काहींनी समजून-उमजून धोका पत्करला असेल, काहींना नाही म्हणायची सोयच नसेल. त्या सगळ्यांना एका झटक्यात वीरांगना म्हणणं हाही त्यांना न विचारण्याचाच प्रकार झाला.

कासेगावच्या इंदुताई पाटणकरांची वाट इथं वेगळी दिसते. विशीच्या आत त्या स्वतःहून लढ्यात आल्या. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच पती बाबूजी पाटणकरांचा खून झाला. इंदुताईंनी शिक्षिकेची नोकरी करून मुलाला वाढवलं आणि उतारवयात स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीतून परित्यक्तांचा प्रश्न हाती घेतला. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला तिच्या स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड हवं, घराला जागा हवी, ही मागणी होती. म्हणजे प्रतिसरकारात असताना कागदावर न येण्याची काळजी घेणारी बाई म्हातारपणी बायांची नावं कागदावर यावीत म्हणून झगडत होती. २०१७ मध्ये त्या गेल्या.

१९४३ साली जी मुलगी दहा वर्षांची होती ती आज नव्वदी ओलांडून गेली आहे. आईनं पदराआड नेलेली चिठ्ठी, उखळापाशी बसवलेला पहारा तिला आठवत असेल. माझं शाळांना एवढंच सांगणं आहे, की पंधरा ऑगस्टच्या आधी मुलांना अशा एखाद्या आजीकडं पाठवावं. भाषण मागू नये. रात्री किती माणसं यायची, युद्धाच्या टंचाईत पीठ कुठून आणलं, दळायला कोण बसायचं, भीती कशाची जास्त वाटायची, पोलिसांची की गावातल्या कुचाळ्यांची, हे विचारावं. आणि ‘तुम्हाला हे करायचं होतं का?’ हेही. ती नाही म्हणाली, तर तेही तिच्या नावापुढं तसंच लिहून घ्यावं.