यादीतले सुटे शब्द

स्किझोफ्रेनियाची चर्चा भास आणि संशय यांपाशीच थांबते. परंतु मायकेल ग्रीन यांनी १९९६ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा रुग्णाच्या कामधंद्याशी आणि सामाजिक वावराशी या लक्षणांपेक्षा शाब्दिक स्मृतीचे, म्हणजे ऐकलेला वा वाचलेला मजकूर लक्षात ठेवून पुन्हा सांगण्याच्या क्षमतेचे, नाते अधिक सातत्याने आढळले.

या स्मृतीच्या चाचणीत फळे, कपडे, हत्यारे अशा गटांतील शब्द सरमिसळ करून पुन्हा पुन्हा वाचून दाखवतात. निरोगी व्यक्ती दोन-तीन फेऱ्यांत पेरू, चिकू, सीताफळ यांना नकळत एकत्र आणते आणि मग एका शब्दामागून दुसरा आठवतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या अनेकांकडून मात्र ही जुळणी आपणहून होत नाही. तरीही गट आधीच दाखवून दिले, तर त्यांना अधिक शब्द आठवतात, आणि एखादा शब्द यादीत होता का, एवढेच विचारले, तर तो ओळखणे त्यांना स्वतःहून आठवण्यापेक्षा सोपे जाते. म्हणजे उणीव मुख्यतः साठवणीत नसून, साठवताना अर्थाची गुंफण करण्यात आहे, आणि घरच्यांना जो निष्काळजीपणा वाटतो, तो पुष्कळदा निष्काळजीपणा नसतोच.

ही गुंफण मेंदूच्या एकाच भागात होत नाही. कपाळामागील भाग माहितीची मांडणी करतो, कानशिलाच्या आत खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस तिची आठवण घडवतो, आणि दोहोंचा मेळ मज्जातंतूंच्या जुड्यांवर अवलंबून असतो. कार्ल फ्रिस्टन आणि ख्रिस फ्रिथ यांनी १९९५ मध्ये हा आजार अशा परस्परसंबंधांतील बिघाड म्हणून मांडला. पुढे एमआरआयने तंतूंच्या दिशेने होणारी पाण्याच्या रेणूंची हालचाल आणि दूरच्या भागांतील क्रियांचा एकत्र होणारा चढउतार मोजता येऊ लागला, आणि दोन्हींत सरासरी फरक आढळले. मात्र रुग्णांचे आणि निरोगी व्यक्तींचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात, की एका माणसाच्या चित्रावरून निदान करणे चुकीचे ठरेल.

म्हणूनच चित्रांहून अधिक तातडीची बाब औषधांच्या चिठ्ठीत सापडते. आजारावरील औषधांनी येणारा ताठरपणा कमी व्हावा म्हणून भारतात ट्रायहेक्सिफेनिडिल सर्रास दिले जाते, आणि ही गोळी स्मरणाला आवश्यक असलेल्या अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाचेच कार्य अडवते. ती एकदम बंद करणे घातक ठरू शकते. परंतु तिची गरज अजून आहे का, हे डॉक्टरांनी दर भेटीत तपासायला हवे, आणि नातेवाइकांनीही ते निःसंकोच विचारायला हवे.