पैसे दुकानदाराचे, पोलीस सगळ्यांचे

अमेरिकेतले डेट्रॉइट शहर २०१३ साली सुमारे १८ अब्ज डॉलरच्या कर्जाखाली दिवाळखोरीत गेले. तेव्हा तिथल्या रस्त्यांवरचे जवळपास ४० टक्के दिवे बंद होते आणि तातडीच्या फोननंतर पोलीस यायला सरासरी ५८ मिनिटे लागत. रात्रभर पेट्रोल पंप चालवणाऱ्याने अशा शहरात करायचे तरी काय? जानेवारी २०१६ मध्ये आठ पेट्रोल पंपांपासून ‘प्रोजेक्ट ग्रीन लाइट’ सुरू झाला. चांगले कॅमेरे, भरपूर उजेड आणि वेगवान इंटरनेट यांचा खर्च मालकाने करायचा; चित्रीकरण थेट पोलिसांच्या नियंत्रण कक्षात जाणार आणि दारावर हिरवा दिवा लागणार. पुढे शेकडो दुकाने त्यात आली. त्या मालकांना मी दोष देणार नाही, त्यांची भीती खरी होती. चूक शहराने केली.

कॅमेऱ्याचे पैसे दुकानदार देतो. पण पडद्यासमोर बसणारा कर्मचारी आणि धावत येणारी गाडी करदात्यांच्या पैशावर चालते. तरीही सहभागी दुकानांच्या फोनला प्राधान्य देऊ केले गेले. पोलीस तेवढेच असताना एकाला आधी म्हणजे दुसऱ्याला उशिरा, आणि हा दुसरा बहुधा हजारो डॉलर उभे करू न शकणारा असतो. आपल्याकडे पैसे देऊन पोलीस मागण्याची रीत वेगळी आहे : महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ४७ मध्ये अर्जदाराच्या खर्चाने जादा पोलीस देण्याची सोय आहे, मात्र त्यांच्यावर हुकूम पोलीस अधिकाऱ्यांचाच चालतो. ही जादा माणसे अनेकदा त्याच अपुऱ्या दलातून काढावी लागतात, हे नाकारता येत नाही. तरी तत्त्व योग्य आहे : पैसे मनुष्यबळाचे घ्यावेत, अग्रक्रमाचे नव्हेत.

तिजोरी रिकामी असताना व्यापाऱ्यांची मदत परत पाठवायची का, असे कुणी विचारील. मुळीच नाही. पंपावर चोर पकडला गेला तर शेजारच्या गल्लीचेही भले होते. पण खासगी पैशाने उभी राहिलेली यंत्रणा मूळ हेतूपाशी थांबत नाही. डेट्रॉइटने २०१७ मध्ये अशा चित्रीकरणातले चेहरे ओळखणारी प्रणाली विकत घेतली आणि तिच्या वापरावर मर्यादा घालणारे धोरण पोलीस आयुक्त मंडळाने मंजूर केले ते २०१९ मध्ये. म्हणून व्यापाऱ्यांचा पैसा सामायिक निधीत जावा, कॅमेऱ्यांच्या जागा गुन्ह्यांच्या नोंदी पाहून ठरवाव्यात आणि चित्रीकरण कोण पाहणार हे आधीच लिहून जाहीर करावे. तुमच्या शहरात असा करार होत असेल, तर त्याची प्रत मागा.