औषध बाधल्यास रोग्याचें कर्तव्य

डॉक्टरांनीं नवें औषध लिहून द्यावें, रोग्यानें तें विश्वासानें घ्यावें, आणि दुसऱ्या दिवशीं अंगावर पित्त उठावें किंवा पोटांत अन्न ठरूं नये, असें पुष्कळांच्या बाबतींत घडतें. 'औषध बाधलें' असें आपण म्हणतों. अशा वेळीं रोग्यानें काय करावें, हा प्रश्न केवळ शरीराचा नव्हे. तो सत्याचा व शेजाऱ्याचाहि आहे, असें आम्हांस वाटतें.

मोठ्या दुखण्यासाठीं आपले लोक गांव सोडून मुंबईस, परळास जातात. १९२६ सालीं उघडलेल्या के. ई. एम. रुग्णालयांत ते सकाळपासून रांगेंत बसतात, डॉक्टरांपुढें थोडा वेळ मिळतो, आणि चिठ्ठी व गोळ्या घेऊन ते गांवीं परततात. औषध बाधतें तें गांवीं. डॉक्टर राहतात परळास. मग कोणी गोळ्या उकिरड्यावर टाकतो आणि पुढच्या खेपेस 'सर्व घेतल्या' असें सांगतो. कोणी मोठ्या डॉक्टरांस उलट कसें बोलावें म्हणून मुकाट्यानें सोशीत राहतो. आणि कोणी उरलेल्या गोळ्या तशाच दुखण्याच्या शेजाऱ्यास दान करितो.

ह्यांपैकीं पहिला मनुष्य आपणांस निरुपद्रवी वाटतो. परंतु त्याचें लहानसें असत्य फार दूर जातें. औषध घेऊनहि गुण आला नाहीं असें समजून डॉक्टर अधिक तीव्र औषध देतात. दुसऱ्याच्या मौनास आपण सहनशीलता म्हणतों. पण जें दुःख सांगितल्यानें टळलें असतें, तें सोसण्यांत सद्गुण कोणता? तिसऱ्याचें दान तर दान नव्हेच. एकास सोसलेली गोळी दुसऱ्यास बाधूं शकते.

ह्या कामीं मुंबईचा इतिहास बोध घेण्यासारखा आहे. प्लेगाच्या दिवसांत, १० जानेवारी १८९७ रोजीं, हाफकिनसाहेबांनीं भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत आपण तयार केलेली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, व तीहि इतरांस द्यावयाच्या मात्रेहून मोठ्या मात्रेंत. त्यांस ताप भरला व टोचलेली जागा दुखली. ह्या लक्षणांची नोंद झाली, म्हणूनच पुढें लस घेणारांस काय होईल हें आधीं ठाऊक झालें. पुढें १९०२ सालीं परळच्या प्रयोगशाळेंतली लस पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं १०७ जणांस टोचली असतां १९ जण धनुर्वातानें मेले. सर्व दोष हाफकिनसाहेबांवर आला व त्यांचें काम गेलें. परंतु ते एकोणीसहि जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते, हें नोंदलेलें होतें. ती बाटली गांवांत उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता, ही गोष्ट पुढें उजेडांत आली, आणि १९०७ सालीं ते दोषमुक्त झाले. परळच्या त्या संस्थेस १९२५ सालीं त्यांचेंच नांव दिलें गेलें.

ह्याच्या उलट गोष्टहि त्याच आवारांतली आहे. १९८६ सालाच्या आरंभीं ग्रँट कॉलेजाला जोडलेल्या जे. जे. रुग्णालयांत मेंदूची व डोळ्यांची सूज उतरविण्यासाठीं दिलेल्या ग्लिसरॉलमध्यें डायएथिलीन ग्लायकोल नांवाचें विष मिसळलेलें निघालें, व चौदा रोगी मूत्रपिंडें निकामी होऊन दगावले. न्यायमूर्ति लेंटिन ह्यांच्या आयोगानें त्यामागची हयगय व भ्रष्टाचार चव्हाट्यावर मांडला. येथें दोष खरोखरच औषधाचा होता. एका खाटेवरील रोगी गेला तर तो आपल्या दुखण्यानेंच गेला असें वाटतें; अनेक खाटांची हकीकत एकत्र ठेवावी, तेव्हांच औषध ओळखूं येतें.

ह्यावरून आम्हीं असें समजतों कीं, औषध बाधलेला मनुष्य हा साक्षीदार आहे. साक्षीदारानें पाहिलेलें लपवूं नये, आणि पाहिलें नाहीं तें जोडूंहि नये. कोणती गोळी, कोणत्या दिवशीं, किती वेळानें काय झालें, एवढेंच त्यानें सांगावें. 'सरकारी औषधें सारीं विषारी' असें चावडीवर सांगत फिरणें, हीहि खोटी साक्षच होय. तिच्यामुळें दुसऱ्याचें तारक औषध सुटतें. क्षयाच्या औषधांनीं लघवी तांबूस होते; तिचें भय नको. परंतु त्याच औषधांनीं डोळे पिवळे झाले किंवा वांत्या थांबेनात, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें. तोंड सुजलें किंवा धाप लागली, तर पुढची मात्रा न घेतां जवळच्या रुग्णालयांत धांवावें.

औषध देणाराचेंहि कर्तव्य तितकेंच आहे. 'पूर्वीं कांहीं बाधलें होतें काय?' असें त्यानें आधीं विचारावें, काय होऊं शकेल तें सांगावें, आणि रोगी तक्रार घेऊन आला तर रागावूं नये. जेथें रोग्यास दटावितात, तेथें रोगी खोटें बोलावयास शिकतो. त्या असत्याचा अर्धा भार दटाविणाराच्या माथीं आहे.

ही साक्ष नोंदण्याची सोय आतां सरकारनें केली आहे. २०१० सालीं सुरू झालेल्या योजनेंत १८००-१८०-३०२४ ह्या क्रमांकावर रोग्यास स्वतः, फुकट कळवितां येतें. गांवांतील शिक्षक व उपदेशक बंधूंनीं, ज्यांस वाचतां येत नाहीं अशांच्या केसपेपरावर बाधलेल्या औषधाचें नांव ठळक लिहून द्यावें, अशी आमची त्यांस विनंति आहे. त्या एका ओळीनें पुढच्या खेपेस त्याच रोग्याचा जीव वांचूं शकेल. आणि ती हकीकत योग्य ठिकाणीं पोंहोंचली, तर ज्याचें तोंडहि आपण कधीं पाहणार नाहीं अशा दुसऱ्या कोणाचाहि.