वर्दळीचे भाडे

दुकानाच्या गाळ्याला दोन किमती असतात. एक बांधकामाची: पाया, भिंती, स्लॅब, शटर. दुसरी दारावरून जाणाऱ्या माणसांची. पहिली वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजात आणि पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर फार निराळी नसते. सिमेंट-सळईचे भाव दोन्हीकडे जवळपास सारखेच. सारा फरक दुसऱ्या किमतीत पडतो. एकाच इमारतीत तळमजल्याचा गाळा महाग आणि त्याच्यावरचा स्वस्त, कारण मधल्या वीस पायऱ्या गिऱ्हाईक चढेलच असे नाही. कोपऱ्याच्या गाळ्याला दोन रस्त्यांची वर्दळ मिळते, म्हणून त्याचा भाव वेगळा सांगितला जातो. महानगरातल्या दुकानबाजाराचा इतिहास म्हणजे ही वर्दळ कोणाच्या पदरात पडली याचा इतिहास.

जुन्या पेठांत वर्दळ रस्त्याची, म्हणजे सर्वांची होती. तिचा मोठा वाटा भाडेकरू दुकानदाराकडे राहिला, आणि त्यामागे कायदा होता. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे ठरवताना १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे आधाराला धरले. बाजार वाढला, भाडे जागच्या जागी राहिले. या दोहोंतली तफावत पागडीच्या रूपाने वसूल होऊ लागली. दुकान सोडणारा येणाऱ्याकडून मोठी रक्कम घेई आणि तिचा हिस्सा घरमालकाला देई. कागदावर हे बेकायदा, व्यवहारात सर्रास. ३१ मार्च २००० रोजी अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ने पागडीला मान्यता दिली, भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मंजूर केली. शिवाय बँका, सरकारी उपक्रम आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांचे संरक्षण काढून घेतले. त्यामुळे एकाच रस्त्यावर दोन बाजार उभे राहिले. वडिलोपार्जित साडीचे दुकान जुन्या भाड्यात आणि शेजारचे कंपनीचे शोरूम चालू भावात, असे दृश्य त्यातूनच आले.

मॉलने वर्दळच चार भिंतींच्या आत घेतली. मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ मध्ये क्रॉसरोड्स सुरू झाला, तेव्हा गर्दी आवरण्यासाठी मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जात असे. बाजारात शिरायला पैसे पडावेत, ही गोष्ट मंडईत कोणाला सुचली नसती. पुण्यात २०११ मध्ये विमाननगरचे फिनिक्स मार्केटसिटी आणि हडपसरचे अमनोरा आले. २०२३ मध्ये वाकडला मॉल ऑफ द मिलेनियम उघडला. तिन्ही ठिकाणे पेठांपासून दूर, आयटी आणि नव्या वसाहतींच्या पट्ट्यांत आहेत.

मॉलचा मालक सहसा गाळे विकत नाही, भाड्याने देतो. कोणते दुकान कुठे बसवायचे हे त्याच्या हातात राहावे म्हणून. मोठ्या डिपार्टमेंटल स्टोअरला किंवा सिनेमागृहाला चौरस फुटामागे कमी दर लावला जातो, कारण ते माणसे खेचून आणतात. त्या गर्दीचे मोल वाटेवरच्या छोट्या दुकानांच्या चढ्या दरातून वसूल होते. जिथे मॉलमधले गाळे सुटे सुटे विकले गेले, तिथे ही मांडणी करणारा कोणी उरला नाही आणि बंद शटरांच्या रांगा दिसू लागल्या.

भाडे ठरवण्याची रीतही बदलली. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात १८ एप्रिल २०२३ रोजी ॲपलचे दुकान उघडले. त्याच्या कराराचे वृत्तपत्रांत आलेले तपशील असे: सुमारे २०,८०० चौरस फूट जागा, ११ वर्षांची मुदत, दरमहा किमान ४२ लाख रुपये भाडे, आणि पहिली तीन वर्षे विक्रीच्या दोन टक्के, पुढे अडीच टक्के हिस्सा. किमान भाडे चौरस फुटाला सुमारे २०२ रुपये पडते. महिन्याची विक्री २१ कोटींवर गेली की दोन टक्के ४२ लाखांना ओलांडतात आणि मालकाचे उत्पन्न दुकानाबरोबर वाढू लागते. पागडीत बाजारवाढीचा लाभ भाडेकरूच्या बाजूला झुकलेला होता. या पद्धतीत मालक गल्ल्याशेजारी येऊन बसतो.

शहर पसरते तशी वर्दळही सरकते. जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, पिसोळी यांच्यासह २३ गावे आली. अशा भागांत रुंद रस्त्यालगतच्या गृहप्रकल्पांना तळाशी दुकानांची ओळ असते: औषधे, दूध, सलून, पोळी-भाजी केंद्र. बिल्डरला सदनिकेपेक्षा या गाळ्यांचा भाव चांगला मिळतो; पण वरची घरे भरेपर्यंत गिऱ्हाईक नसते. पहिला दुकानदार बऱ्याचदा हप्ते फेडून थकतो आणि दुसरा तयार वस्तीवर धंदा करतो. उलट २९ सप्टेंबर २०२४ रोजी स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो सुरू झाली, आणि मंडई स्थानकामुळे पार्किंगअभावी टाळल्या जाणाऱ्या जुन्या बाजाराला पायी येणारे गिऱ्हाईक पुन्हा जवळचे झाले.

दहा-वीस मिनिटांत घरपोच किराणा देणाऱ्या ब्लिंकिट, झेप्टोसारख्या कंपन्यांनी मात्र वर्दळीची गरजच काढून टाकली. त्यांच्या गोदामाला दर्शनी काच लागत नाही. मागच्या गल्लीतला गाळा, विजेचा भार, थंड पेट्यांना जागा आणि दुचाकी उभ्या करण्यापुरते अंगण एवढे पुरते. त्यामुळे आजवर पडून राहिलेल्या जागांना भाडेकरू मिळाले, तर कोपऱ्यावरच्या वाण्याला भाडे कोपऱ्याचे आणि गिऱ्हाईक अर्धे, अशी ओढाताण सोसावी लागते.

वर्दळीचा हाच नियम महानगराबाहेर रस्त्यांनाही लागू पडतो. मालेगाव तालुक्यातले किन्हीराजा नागपूर–छत्रपती संभाजीनगर या जुन्या मार्गावर आहे. अशा मार्गावर प्रत्येक गाव म्हणजे थांबण्याची शक्यता, आणि रोड टच जागेचा भाव त्या शक्यतेवर ठरतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी वाशीम जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. हा रस्ता प्रवेश-नियंत्रित आहे. त्याच्या कडेला शटर उघडता येत नाही. थांबा मिळतो तो ठरवून दिलेल्या सुविधा केंद्रांवर आणि इंटरचेंजवर. म्हणजे रस्त्यानेही मॉलचीच रीत उचलली: वर्दळ कुंपणात, दार मोजके. लांबच्या प्रवाशावर चालणाऱ्या धाब्याला याची झळ बसते. कृषी केंद्र, कापड, भांडी यांची दुकाने पंचक्रोशीवर चालतात. त्यांच्या गाळ्याची किंमत सोयाबीनमधून हाती आलेल्या पैशावर ठरते, महामार्गावर नव्हे.