स्वाक्षरी, छायाचित्र आणि मागणारा

ताडोबाच्या वनात कोणी विख्यात व्यक्ती आल्याची वार्ता फुटली, की आमच्या चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरातील तरुण मंडळी कामाच्या पाळ्या आपसांत बदलून घेतात, मोटारसायकली काढतात, आणि पाहुणा सचिन तेंडुलकरसारखा असला तर वनाच्या प्रवेशद्वाराशी तासन्‌तास तिष्ठत उभी राहतात, यात नवल वाटण्याजोगे काही नाही. मला सलले ते निराळेच. येथील महाऔष्णिक विद्युत केंद्रात नोकरीस असलेला माझा भाचा अशाच एका नटाबरोबर छायाचित्र काढून परतला, तेव्हा मी त्याला सहज विचारले, की स्वाक्षरी का घेतली नाहीस? तो म्हणाला, "मामाजी, सहीचं काय करता? सही तर कोणीही करू शकते. फोटोत माणूस दिसते." हे उत्तर तेव्हापासून माझ्या मनातून हटलेले नाही.

प्रसिद्धीच्या मागे धावण्यातील पोरकटपणाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. वाचकांस ते ठाऊक आहे. माझा प्रश्न त्या हौसेच्या आतला आहे. स्वाक्षरी दिली जाते आणि छायाचित्र घेतले जाते, हा भेद मला फार मोलाचा वाटत आला आहे. वही पुढे आली की त्या थोर माणसाला चालता चालता थांबावे लागते, लेखणी हाती घ्यावी लागते, क्वचित समोरच्याचे नाव विचारून तेही लिहावे लागते; त्याच्या आयुष्यातला एक क्षण, कितीही लहान असो, त्याच्याच हाताने आपल्या स्वाधीन होतो. छायाचित्राला त्याच्या संमतीचीदेखील अपेक्षा नसते. शिवाय हल्ली ते काढण्याची जी रीत पडली आहे, तीत ज्याच्या दर्शनासाठी एवढा अट्टहास केला त्याच्याकडेच पाठ फिरवून मनुष्य हातातल्या काचेत स्वतःचे मुख न्याहाळतो. चंद्रपुरास १९७९ साली वामन कृष्ण चोरघडे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि पुन्हा २०१२ साली वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली भरले. या दोन संमेलनांच्या दरम्यान रंगीत पानांची ती स्वाक्षरीवही मागे पडली, आणि तिच्याबरोबर मागण्याची एक सभ्य रीतही मागे पडली, असे मी मानत होतो.

देण्याचे हे कार्य किती उंचीला जाऊ शकते, याची साक्ष रवींद्रनाथांनी ठेवली आहे. बालवयातील सत्यजित राय यांना त्यांच्या मातोश्रींनी शांतिनिकेतनास नेले तेव्हा त्या मुलाच्या हाती कोरी स्वाक्षरीवही होती. रवींद्रनाथांनी ती ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी परत केली ती एक छोटीशी कविता लिहून. चीन-जपानच्या प्रवासात लोक पंखे, रेशमी वस्त्रांचे तुकडे आणि कागद पुढे करीत, त्यांवर लिहिलेल्या अशाच ओळींतून 'लेखन' हा त्यांच्या हस्ताक्षरातच छापलेला संग्रह १९२७ साली निघाला. मागणाऱ्यांचा हा तगादा नसता तर त्या ओळी जन्मास आल्याच नसत्या. गांधीजींची तऱ्हा वेगळी. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याहून हरिजन-यात्रेस निघालेल्या त्या पुरुषाने आपल्या स्वाक्षरीचे पाच रुपये ठरवून टाकले होते आणि ती रक्कम हरिजन निधीत जमा होत असे. एकाने मागणाऱ्याला भरभरून दिले. दुसऱ्याने मागणाऱ्यालाच दाता बनविले. मला दोन्ही रीती वंदनीय वाटतात, तरी दुसरीकडे माझे मन अधिक ओढ घेते, कारण तीत घेणाऱ्याला रिकाम्या हाताने येता येत नाही.

येथे थोडे आडवाटेस जाण्याचा मोह मला आवरत नाही, कारण ती वाट आमच्याच जिल्ह्यातून जाते. वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणारे बाबा आमटे हे तरुणपणी चित्रपटांचे निस्सीम शौकीन होते. 'पिक्चरगोअर' या नियतकालिकासाठी ते चित्रपट-परीक्षणे लिहीत, आणि ग्रेटा गार्बो व नॉर्मा शिअरर या अभिनेत्रींशी त्यांचा पत्रव्यवहार होता. गार्बो तर स्वाक्षरी नाकारण्याबद्दल ख्यातनाम. जगभरचे चाहते जिच्या दोन अक्षरांसाठी झुरत होते, तिच्याशी हिंगणघाटच्या एका जमीनदाराच्या मुलाचा पत्रव्यवहार जुळावा, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तो वही घेऊन दाराशी उभा नव्हता. तिच्या कलेविषयी त्याला स्वतःचे काही म्हणायचे होते. पुढे महारोग्यांच्या सेवेत ज्याने आयुष्य वेचले, त्या माणसाचे कुतूहल आरंभापासूनच याचकाचे नव्हते, बरोबरीच्या माणसाचे होते, असे मला वाटते. आणि एखादा छंद माणसाला उथळ करतो की खोल, हे त्या छंदावरून ठरत नसून तो जोपासणाऱ्याच्या वृत्तीवरून ठरते, हेही मला येथेच पटते.

हे सारे मी भाच्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले, कारण तो सुशील आहे. परंतु त्याचा मुद्दा काही ढळला नाही. चित्रपट-कंपन्या चाहत्यांना डाकेने ज्या सह्या धाडीत, त्यांतल्या कितीतरी चिटणिसांनी केलेल्या वा ठशाने उमटविलेल्या असत, हे त्याला माहीत होते. त्यावर मी एवढेच म्हणालो, की खोट्या नाण्याने खऱ्या नाण्याची किंमत जात नाही. मग त्याने विचारले, "पण मामाजी, तुमच्या वहीत तुम्ही कुठं आहात?"

या प्रश्नाने माझा भेद उलटा फिरला. स्वाक्षरीवहीचे पान कितीही जतन केले, तरी त्यावर थोर माणसाचा हात तेवढा उरतो; रांगेत उभा राहिलेला, धीर एकवटून पुढे झालेला मनुष्य त्या कागदावर कोठेच नसतो. फार तर त्याचे नाव असते, तेही दुसऱ्याच्या अक्षरात. आमच्या शेजारी राहणाऱ्या एका सेवानिवृत्त गृहस्थांकडे एक जुने छायाचित्र आहे. ८ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी येथील विद्युत केंद्राचे औपचारिक उद्घाटन केले, त्या दिवशीचे. त्यानंतर तेवीस दिवसांनी त्यांची हत्या झाली, म्हणून हे चित्र बघणारा प्रत्येक जण प्रथम त्यांना शोधतो, आणि त्या दूर, अंगठ्याच्या नखाएवढ्या दिसतात. शेजारी मात्र बोट ठेवतात ते पुढच्या गर्दीवर: हा बॉयलरवर होता, हा ठेकेदाराकडे सळया वाहत असे, ह्याची शेती इकडेच होती. त्या दिवशी कोणी पंतप्रधानांची स्वाक्षरी मिळविली असती तर ती आज मोलाचा दस्तऐवज ठरली असती. परंतु केंद्र उभारणारे हे लोक तीत दिसले नसते. प्रसिद्ध व्यक्तीच्या आकर्षणाने कॅमेरा आला, आणि आल्यावर त्याने अप्रसिद्धांनाही टिपले. म्हणून प्रसिद्धांच्या सान्निध्यातील छायाचित्रे जमविण्याच्या छंदाला मी आता कमी लेखू शकत नाही. इतकेच काय, त्या नटाशेजारी उभा असलेला माझा भाचा, पाळी संपवून आलेला, डोळ्यांखाली जागरणाची छाया असलेला, हाच त्या चित्रातला जपण्याजोगा भाग आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

उणीव एकच राहते. स्वाक्षरीत नाव असते, चेहरा नसतो. छायाचित्रात चेहरा असतो, नाव नसते. शेजाऱ्यांच्या त्या चित्रामागे काहीही लिहिलेले नाही, आणि ज्यांना ते चेहरे ओळखता येतात त्यांची संख्या दरसाल घटत आहे. तेव्हा भाच्याने आणि मी असे ठरविले आहे, की त्यातले जे कोणी शेजारच्या दुर्गापुरात, पद्मापुरात वा येथेच हयात असतील त्यांच्याकडे ते चित्र घेऊन जायचे, आणि मागच्या बाजूस त्यांच्याकडूनच सह्या घ्यायच्या. ज्यांना लिहिता येत नसेल त्यांचे नाव आम्ही लिहू. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यांवर उमटतो, म्हणून सोबत मऊ शिसाची पेन्सिल न्यायची आहे. भाचा मोटारसायकल घेऊन येतो म्हणाला आहे.