सुरी, चीर आणि मी

वस्तू घ्यावी तर ती बनवणाऱ्याच्या हातून, असं पूर्वी माझं मत होतं. आता नाही. कारखान्यातून आलेली वस्तू बिघडली की माणसाला मोकळेपणानं चिडता येतं. मिक्सर बंद पडला की आपण 'मेले हे कंपनीवाले' म्हणतो आणि पुढे जातो. कंपनीवाल्यांना तोंड नसतं. पण ज्यानं वस्तू केली तो समोर उकिडवा बसून बाहीनं कपाळ पुसत असला, की तक्रार घशातच अडकते.

मी ज्या तालुक्याच्या गावी बँकेत कारकुनी करतो, तिथे बुधवारी बाजार भरतो. एस. टी. स्टँडच्या मागे एक लोहार बसतो. ट्रकच्या मोडक्या कमानींचे पाटे तापवायचे, ठोकायचे आणि त्यांचे विळे, कोयते, सुऱ्या करायच्या, हा त्याचा उद्योग. बायको पंखा फिरवते, तो घण मारतो. मी जेवणाच्या सुट्टीत बघत उभा राहायचो. दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांची बेरीज करणाऱ्याला काहीतरी प्रत्यक्ष होताना बघण्याची भूक असते. अशाच एका थंडीतल्या बुधवारी मी सुरी घेतली. त्यानं साडेतीनशे सांगितले, मी दोनशे ऐंशीला आणली. सत्तर रुपये वाचवण्याची मला गरज होती असं नाही. पण घासाघीस ही आपल्याकडे गरज नसते, संस्कार असतो.

"सायेब, वाईच थांबा. वरचं काळं घासून देतो, चकाचक करतो," तो म्हणाला.

"राहू दे मामा, काळीच बरी. हातची वाटते," मी म्हणालो. खरं कारण, माझी पाच चाळीसची गाडी होती. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ते विसरण्याचा पुष्कळ प्रयत्न केला.

घरी सौ.नं सुरी डोळ्यांसमोर आडवी धरली. "मूठ वाकडी आहे."

"हातची आहे."

"पात्यावर खड्डे आहेत."

"हातोडीच्या खुणा आहेत त्या. यंत्राच्या सुरीला कुठल्या?"

"हिची पाठ एका बाजूला जाड आहे."

"तुझ्या भावाची नाही का?" असं मी मनात म्हणालो. वीस वर्षांच्या संसारात कुठलं वाक्य कुठे ठेवायचं, हे कळतं.

पंधरा दिवस मी त्या सुरीची वकिली केली. माझा सिद्धांत असा, की खोड वेगळी आणि दोष वेगळा. खोड म्हणजे करणाऱ्याचा हात. ती खपवून घ्यायची, जमलं तर तिचं कौतुकही करायचं. दोष म्हणजे ज्यानं वस्तूचं कामच अडतं. सिद्धांत उत्तम होता. मग रोजच्या घासण्यानं पात्यावरचं काळं गेलं आणि सौ. म्हणाली, "अहो, हिला केस चिकटलाय."

केस निघेना. नखानं निघेना, फडक्यानं निघेना. मुठीपासून चार बोटांवर, धारेकडून पाठीकडे गेलेली ती बारीक चीर होती.

त्या रात्री मला बी. कॉम.चं दुसरं वर्ष आठवलं. १९३० चा मालविक्रीचा कायदा आम्हाला घोकायला होता. त्याच्या सोळाव्या कलमात गिऱ्हाइकानं सावध राहावं हे तत्त्व आहे, आणि त्यालाच अपवादही आहेत. विकणारा त्याच मालाचा धंदा करणारा असेल, तर माल चांगला असला पाहिजे. पण गिऱ्हाइकानं माल तपासून घेतला असेल, तर तपासताना जे दिसायलाच हवं होतं त्याबद्दल मागून ओरडायचं नाही. आता मी तपासला होता की नव्हता? बघितली होती, पण काळ्याखालची चीर दिसणार कशी? आणि काळं काढतो म्हणणाऱ्याला नको कोण म्हणालं? बेचाळिसाव्या कलमाप्रमाणे वाजवी मुदतीत माल नाकारला नाही, तर तो स्वीकारला असं धरतात. पंधरा दिवस वाजवी की अवाजवी? आमचे प्राध्यापक असते तर म्हणाले असते, परिस्थितीवर अवलंबून. ते सगळ्यालाच तसं म्हणायचे.

कायद्यानं झोप येईना, म्हणून मी दयेकडे वळलो. जाऊ दे, गरीब माणूस आहे, दोनशे ऐंशी रुपयांनी आपलं काय अडतंय? हे म्हटल्याबरोबर फार बरं वाटलं. औदार्याचा हा प्रकार मला आवडतो. त्यात अंथरुणातून उठावं लागत नाही.

"आणि कांदा कापताना तुकडा उडून माझ्या डोळ्यात गेला म्हणजे?" अंधारातून आवाज आला. ती जागी होती.

तिसरा मार्ग मी कुणाला सांगितला नव्हता, इथे सांगतो. ऑफिसातल्या एकाची वास्तुशांत जवळ आली होती. सुरी नवीच दिसत होती. काउंटरवर रोज बघतो, चांगल्या चांगल्या घरची माणसं फाटकी नोट गड्डीच्या मध्ये घालून देतात आणि आमच्याकडे न बघता पंख्याकडे बघतात. मी त्यांना मनातून हलकट म्हणत आलोय. त्या रात्री मीही बराच वेळ पंख्याकडे बघत होतो.

पण मला खरं टोचलं ते वेगळंच. मिक्सर बिघडला तेव्हा मी कंपनीला तीन पत्रं लिहिली होती, तिसरं तर अगदी कडक. मग लोहारालाच माफी का? म्हणजे त्याचं काम मी मिक्सरइतकंही मनावर घेतलं नव्हतं. त्याच्याकडून काही चांगलं होईल अशी अपेक्षाच नसली, तरच माणूस इतक्या सहज उदार होतो. शिवाय न सांगता केलेली माफी त्याच्या काय कामाची? पुढच्या बुधवारी तो तशीच सुरी दुसऱ्याला देणार.

बुधवारी गेलो. वाटेत वाक्य तयार केलं होतं, मऊ, बोचणार नाही असं. त्यानं ते पुरतं ऐकलंच नाही. सुरी घेतली, हातोडीनं हलकेच टिचकी मारली. नंतर शेजारच्या सुरीला मारली. शेजारची खणखणली, माझी ओल्या मडक्यासारखी वाजली.

"किती दिस झालं?"

"पंधरा-वीस."

"मंग बोलला न्हाई?" त्याचा स्वर तक्रारीचा होता, आणि ती तक्रार माझ्याबद्दल होती.

मग त्यानं पातं ऐरणीच्या कडेवर धरलं आणि एक घाव घातला. टक्कन दोन तुकडे झाले. तुटलेली कड त्यानं माझ्या नाकासमोर धरली. धारेकडचा अर्धा भाग काळपट निळा, पाठीकडचा अर्धा करडा, दाणेदार, ताजा. "ह्ये बगा. काळं हाय त्ये पाणी देतानाच फुटल्यालं. मागनं आच दिली तवा त्यो रंग चढला. ह्ये माजं. चकाकतंय त्ये आत्ताचं." पाणी फार गार होतं, पातं पातळ होतं, असल्या पोलादाला खरं तर तेलात विझवावं लागतं, त्या दिवशी तेल संपलं होतं. हे सगळं मी न विचारता त्यानं सांगितलं.

मी तिथे खाली बघत उभा होतो. पुरावा त्याच्या हातात होता. सुरी आपटली असेल, हाड तोडलं असेल, असं तो बिनदिक्कत म्हणू शकला असता. मला काळ्या-करड्यातला फरक काय कळणार होता? आणि मला आठवत होते आमचे एक गिऱ्हाईक, निवृत्त गुरुजी. त्यांनी ठेव तीन वर्षांसाठी सांगितली, मी अर्जावर एक लिहिलं. व्याज कमी का, असं विचारायला आले तेव्हा मी म्हणालो, "सिस्टिमनं घेतलं असेल." सिस्टिमचं बरं असतं. ती कधी 'मी नाही' म्हणत नाही.

गुरुवारी मी गुरुजींना बोलावून सांगितलं, की तो एक माझा. पुढचं काय करता येईल ते साहेबांना विचारून ठेवलं होतं. गुरुजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "मला माहीत होतं. अर्ज तुम्हीच भरला होता ना. चाळीस वर्षं पोरांची अक्षरं तपासलीत." आणि तरी ते आठ महिने माझ्या खिडकीशी 'कसं काय, बरं आहे ना' म्हणत होते!

लोहारानं दुसरी सुरी दिली. आधी घासून, काळं काढून, उन्हात फिरवून दाखवली. मी गाडी सोडली आणि थांबलो. वरचे सत्तर रुपये पुढे केले तर त्यानं हात मागे घेतला. "सौदा दोनशे ऐंशीचा झालाय." मी आग्रह केला, त्यानं ऐकलं नाही. आयुष्यात प्रथमच मी भाव वाढवायला घासाघीस करत होतो, आणि त्यातही हरलो.

नवी सुरी छान खणखणते. धार अशी, की टोमॅटोला कळतसुद्धा नाही. फक्त पातं मुठीशी डावीकडे किंचित कललंय, त्यामुळे काकडीची प्रत्येक चकती एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते. सौ. म्हणते, बुधवारी घेऊन जा. मी म्हणतो, ही खोड आहे. तिचं म्हणणं, दोष आहे. गेल्या आठवड्यापासून काकडी मी चिरतो.