राखून ठेवलेली शक्ती

दिवाळीच्या सुटीत माझा भाचा आमच्याकडे राहावयास आला होता. दुपारी घर निजले म्हणजे तो संगणकावर ‘सिव्हिलायझेशन’ नावाचा खेळ मांडून बसे. एका लहानशा वस्तीपासून आरंभ करून सुमारे सहा हजार वर्षांच्या कालपटावर नगरे वसवावीत, विद्या संपादन कराव्यात, शेजारच्या राज्यांशी सख्य जोडावे किंवा युद्ध करावे, असा हा खेळ आहे. सिड मायर यांच्या नावाशी निगडित असलेली ही खेळमालिका १९९१ साली सुरू झाली. २००५ साली निघालेल्या तिच्या चौथ्या आवृत्तीवर भाच्याचा विशेष लोभ. एके दिवशी डाव संपला. तो हरला होता. पडद्यावर त्याची राजधानी अजून दिसत होती आणि तिच्या वेशीशी तीन माणसे उभी होती. ‘ही कोण?’ असे मी विचारले. तो म्हणाला, ‘ही थोर माणसं, मामा. पुढे कधी तरी लागतील म्हणून ठेवली होती.’

‘पुढे म्हणजे केव्हा?’

‘ते काही ठरवलं नव्हतं.’

या उत्तराने मी थोडा चमकलो. एका मुलाच्या खेळातली ही चूक. पण ती मी पूर्वी कोठे तरी पाहिली होती, एकदा नव्हे, अनेकदा, असे मला वाटत राहिले.

त्या खेळातील योजना समजून घेण्याजोगी आहे. नगरात विद्या, कला, व्यापार यांची जोपासना होत राहिली म्हणजे काही काळाने तेथे एखादा थोर शास्त्रज्ञ, कलावंत, व्यापारी, स्थपती किंवा धर्मपुरुष जन्माला येतो. असा पुरुष विरळा. सर्वसाधारण गतीच्या डावात पहिल्यासाठी १०० गुण साठावे लागतात, दुसऱ्यासाठी २००, तिसऱ्यासाठी ३००. त्याचा उपयोग मात्र एकदाच करता येतो. शास्त्रज्ञाला एखाद्या विद्येच्या शोधात खर्ची घालता येते, त्याच्याकरवी अकादमी उभारून त्या नगराचे संशोधन दीडपट करता येते, किंवा त्याला नगरातच कायमचा वसवता येते. वसलेला शास्त्रज्ञ दर फेरीला संशोधनाचे सहा गुण देतो. सगळा डाव ४६० फेऱ्यांचा. म्हणजे शंभराव्या फेरीत वसवलेला शास्त्रज्ञ अखेरपर्यंत २१६० गुण देईल, आणि चारशेव्या फेरीत वसवलेला तोच शास्त्रज्ञ केवळ ३६०. माणूस तोच, त्याची विद्या तीच. मधल्या तीनशे फेऱ्या मात्र कोणाच्याच हाती लागल्या नाहीत. वेशीवर उभा ठेवलेला पुरुष आपल्याजवळ शिल्लक आहे असे खेळणाऱ्याला वाटते; वास्तविक तो दर फेरीला थोडा थोडा संपत असतो.

हा हिशेब न समजण्याइतका अवघड नाही. भाच्याला तो माझ्यापेक्षा अधिक चांगला समजतो. तरीही माणूस राखून ठेवतो. त्याची कारणे हिशेबाच्या पलीकडची असली पाहिजेत. पहिले कारण म्हणजे परत न घेता येणाऱ्या कृतीचे भय. जे एकदाच करता येते ते करताना हात थबकतो. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. न वापरलेल्या वस्तूत तिचे सगळे उपयोग एकाच वेळी नांदत असतात; वापरताक्षणी त्यांतला एक खरा होतो आणि बाकीचे मरतात. राखून ठेवणारा मनुष्य वस्तूपेक्षाही त्या मेलेल्या शक्यतांना जपत असतो. आणि तिसरे म्हणजे, आजच्या प्रसंगाहून मोठा प्रसंग उद्या येईल ही कल्पना. तिला खोडून काढणारा पुरावा आज कधीच मिळत नाही.

मेंढीकोट खेळणाऱ्या घरांत हे सर्वांना ठाऊक असते. त्या खेळात सगळी धडपड चार मेंढ्यांसाठी, म्हणजे चार दश्श्यांसाठी असते. हुकमाचा एक्का हाती आलेला भिडू मोठ्या हाताची वाट पाहत बसतो. एकेक मेंढी समोरचे उचलून नेतात आणि शेवटी एक्का खाली येतो तो दुऱ्या-तिऱ्यांच्या हातावर. एक्का जिंकतो यात शंका नाही. जिंकण्यासारखे काही उरलेले नसते इतकेच.

या प्रश्नाचे आपल्या परंपरेतील सर्वांत भेदक रूप महाभारतात आहे. कवचकुंडले देऊन कर्णाने इंद्राकडून शक्ती मिळवली. ती अमोघ होती, परंतु एकाच शत्रूचा वध करून इंद्राकडे परत जाणारी होती. तिला आणखी एक अट होती: अन्य अस्त्रे हाताशी असताना आणि प्राणसंकट नसताना ती फेकली, तर ती फेकणाऱ्यावरच उलटेल. एकदाच वापरता येणाऱ्या वस्तूचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही. कर्णाने ती अर्जुनासाठी राखली. भीष्म पडल्यानंतर कर्ण रणात उतरला, आणि चौदाव्या दिवसानंतरच्या रात्रियुद्धात, घटोत्कचाने कौरवसेनेची दाणादाण उडवली तेव्हा, सर्व कौरवांच्या आक्रोशापुढे त्याला ती घटोत्कचावर सोडावी लागली. पुढे धृतराष्ट्र संजयाला विचारतो की, ती आधीच अर्जुनावर का टाकली नाही? संजयाचे उत्तर मोठे विलक्षण आहे. रोज रात्री आम्ही कर्णाला सांगत असू, उद्या ती अर्जुनावर सोड. आणि सकाळ झाली की कर्णाला आणि इतरांना त्याचा विसर पडे. संजय याचे खापर दैवावर फोडतो. कृष्णही म्हणतो की, मीच कर्णाला मोह पाडीत होतो. पण ज्याने आयुष्यात काही तरी राखून ठेवले आहे त्याला या विसरण्यासाठी देवाची गरज वाटणार नाही. रात्री केलेला निश्चय सकाळी विरून जातो, कारण सकाळी प्रत्येक प्रसंग पुरेसा मोठा नसतो.

येथवर आल्यावर कोणी म्हणेल की, मग बोध सरळ आहे: राखू नका, वेळेवर खर्च करा. इतिहास इतका सरळ बोध देत नाही. ७ सप्टेंबर १८१२ रोजी बोरोदिनोच्या रणभूमीवर नेपोलियनच्या सेनानींनी त्याच्याकडे त्याची राखीव इम्पीरियल गार्ड मागितली. रशियन फळी डळमळली होती. आणखी एक धक्का पुरला असता असे त्यांचे म्हणणे. पॅरिसपासून इतक्या दूर शेवटची राखीव सेना पणाला लावण्यास त्याने नकार दिला. रशियन सेना निसटली, मॉस्को हाती आले पण युद्ध संपले नाही, आणि जी गार्ड त्या दिवशी वाचवली तिचा मोठा भाग परतीच्या वाटेवर थंडीने आणि भुकेने झिजून गेला. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे संध्याकाळी नेने पायदळाची मदत मागितली तेव्हाही प्रथम नकारच मिळाला. त्यानंतर सुमारे तासाभराने गार्ड पुढे पाठवली गेली, तोवर वेलिंग्टनने आपली फळी सावरली होती. गार्ड मागे हटली आणि तिच्यासह सगळी सेना ढासळली. पहिल्या प्रसंगी नेपोलियन चुकला असे म्हणणारे आहेत आणि तो बरोबर होता असे म्हणणारेही आहेत. कारण ती गार्ड नसती तर परतीच्या वाटेवर त्याच्याभोवती सेना म्हणण्यासारखे काय उरले असते? योग्य क्षण हा मागाहून दिसतो. पुढे पाहताना दिसते ते केवळ धुके.

तेव्हा ‘केव्हा वापरावे’ या प्रश्नाला नियमाचे उत्तर नाही असे मला वाटते. परंतु त्याच्याआड एक दुसरा प्रश्न आहे आणि त्याला मात्र उत्तर देता येते, निदान विचारता तरी येतो. आपण एक गोष्ट राखतो त्या वेळी तिच्या जागी दुसरे काही तरी खर्च होत असते. राखणे म्हणजे खर्च न करणे, हा समजच मुळात चुकीचा आहे. कर्णाने शक्ती राखली त्या काळात साधे सैनिक मरत होते. बोरोदिनोला गार्ड उभी होती, कारण बाकीच्या पलटणी पडत होत्या. वाट पाहण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हा तो प्रश्न. खेळाचा प्रश्न येथे नीतीचा होतो.

घटोत्कचाच्या कथेकडे मग वेगळ्या डोळ्यांनी पाहावे लागते. आपण ती कर्णाच्या बाजूने वाचतो आणि शक्ती वाया गेली म्हणून हळहळतो. पण पांडवांकडेही एक राखून ठेवलेली शक्ती होती. तिचे नाव अर्जुन. कर्णाजवळ ते अस्त्र असेतो कृष्णाने अर्जुनाला त्याच्यापासून दूर ठेवले आणि त्या रात्री घटोत्कचाला पुढे केले. दोन्ही पक्षांच्या राखून ठेवण्याची किंमत एकाच माणसाने चुकती केली. भीमाचा हा मुलगा, हिडिंबेच्या पोटी अरण्यात वाढलेला, बोलावले की येणारा. तो पडला तेव्हा पांडव शोक करीत होते आणि कृष्ण हर्षाने अर्जुनाला मिठी मारीत होता. हा हर्ष पाहून अर्जुनही बुचकळ्यात पडतो. डावपेच म्हणून कृष्णाचा हिशेब अचूक होता, हे कोणीही नाकारणार नाही. तरी महाभारतकाराने तो हर्ष आणि तो शोक एकाच रात्रीत शेजारी शेजारी ठेवला आणि एकाने दुसऱ्याला पुसू दिले नाही. युधिष्ठिराला घटोत्कच आठवतो तो वनवासात सेवा करणारा मुलगा म्हणून. त्याच्या दुःखात घटोत्कच ही सोंगटी नाही. मनुष्याला केवळ साधन मानू नये, हे कांटने १७८५ साली तत्त्व म्हणून मांडले. ते तत्त्व पाळणे किती अवघड आहे हे या रात्रीने फार पूर्वी दाखवून ठेवले होते.

हे सारे मी ग्रंथांतूनच शिकलो असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. आईच्या निधनानंतर तिची लोखंडी पेटी आम्ही उघडली. लुगड्यांच्या घडीखाली मुदत ठेवीची एक पावती होती, आणि ज्या पाकिटात ती होती त्यावर तिच्या अक्षरात एवढेच लिहिलेले: ‘अडीअडचणीसाठी’. अखेरच्या चार वर्षांत मोतीबिंदूमुळे तिला वाचता येत नसे. सकाळी ज्ञानेश्वरी उघडून ती पाठ असलेल्या ओव्या म्हणे आणि पानावरून बोट फिरवीत राही, बहुधा चुकीच्या ओळीवरून. शस्त्रक्रियेचा विषय निघाला की, ‘यंदा राहू दे’ म्हणे. आम्हीही, खरे सांगायचे तर, फार आग्रह धरला नाही. ती पावती तिने मोडली नाही, कारण आपले डोळे मावळणे ही अडचण आहे असे तिला वाटलेच नाही. अडचण म्हणजे मुलांची अडचण. ती रक्कम पुढे आम्हा भावंडांत सारखी वाटली गेली. पावती शिल्लक राहिली ती तिच्या डोळ्यांच्या मोलाने, आणि त्या शिल्लकेचा वाटा मी सही करून घेतला आहे.

यावरून राखून ठेवणे हाच दोष, असे मी म्हणणार नाही. बियाणे राखल्याशिवाय पुढचे पीक नाही. आईच्या पिढीने राखले नसते तर आमच्या पिढीला शिक्षण मिळाले नसते. म्हणावयाचे ते इतकेच की, राखणाऱ्याने अधूनमधून पेटी उघडून पाहावी. हे कशासाठी ठेवले आहे, याचे नाव घेता येते का? आणि ते येथे पडून असताना कोण झिजत आहे? झिजणारा आपणच असू तर तो आपला अधिकार आहे. दुसरा कोणी असेल तर त्याला निदान एकदा विचारावे. आणि झिजणारे माणूस आपणहून बोलत नसेल, तर ज्यांच्यासाठी ते राखीत आहे त्यांनी बोलावे. हे शेवटचे कर्तव्य आम्ही केले नाही.

सुटी संपण्याच्या आदल्या दिवशी भाच्याने नवा डाव मांडला. दुपारी त्याच्या नगरात पहिला थोर शास्त्रज्ञ जन्माला आला. त्याचा हात थांबला, आणि त्याने मागे वळून विचारले, ‘मामा, काय करू?’ मला त्या खेळातले फारसे कळत नाही. मी म्हणालो, ‘तो उभा राहील तोवर कुणाचं काय अडतंय, ते आधी पाहा.’ तो बराच वेळ पडद्याकडे पाहत बसला. त्याने काय केले हे मी विचारले नाही.